लहान चाकांचे दाजी

अक्काचा फोन आला तेव्हा मी जेवून नुकताच आडवा झालो होतो. रविवारची दुपार. "अरे, हे उठत न्हाईत," ती म्हणाली. दाजींच्या दुपारच्या झोपेची आमच्या घरात कितीतरी वर्षं चेष्टा चाललेली, त्यामुळं मी सवयीनं म्हणालो, "कानाशी जाऊन सांग, टायरातली हवा गेलीया. ताडकन उठतील."  मग त्याच आवाजात ती पुन्हा म्हणाली, "न्हाय रे... उठत न्हाईत." चुकीच्या जागी विनोद करण्यात माझा हात धरणारा आमच्या भावकीत कुणी नाही. लग्नात केलेत, परीक्षेच्या हॉलमध्ये केलेत. पण त्या दिवशी विनोद तोंडातून निघाला तो परत कुठं जाऊन पडला, ते मला अजून कळलेलं नाही. महिना उलटला. गाडीत कुठं खडखड झाली की हात अजून फोनकडं जातो, दाजींना विचारायला... आणि मग तो हात तसाच राहतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळ गाव नेसरी, घर राजारामपुरीत, माझ्या अकाउंटन्सीच्या क्लासपासून चार गल्ल्या पलीकडं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गाड्यांचे शॉकअप, म्हणजे खड्ड्यांचे दणके जिरवणारे दट्टे, करणाऱ्या एका कारखान्यात ते इंजिनिअर होते. तिथं त्यांचं काम असं, की शॉकअप यंत्रावर चढवायचा, तो मरेपर्यंत वरखाली हापसायचा, आणि मेला की का मेला ते शोधायचं. माणूस अत्यंत हट्टी. लग्नाला गेले तर नवरानवरीच्या आधी बाहेर उभ्या गाड्यांची टायरं बघायचे, आणि जेवणाच्या पंगतीत अनोळखी माणसाला, "पावणं, तुमचं डाव्या अंगाचं टायर आतनं झिजलंय बघा," म्हणून घास थांबवायचे. आपली गाडी कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. सख्ख्या भावालाही नाही.

त्याला कारण होतं. लग्नानंतर दोनेक वर्षांत अक्का स्कूटरवरून पडली, तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. "हिंडा, फिरा, फक्त दणके बसू देऊ नका," डॉक्टर म्हणाले. आपल्याकडच्या रस्त्यांवर हे म्हणजे रंकाळा तळ्यात पोहा, पण भिजू नका म्हटल्यासारखं. दुसऱ्या कुणी बायकोला घरी बसवलं असतं. दाजींनी ती गोष्ट कारखान्यातल्या कामासारखी अंगावर घेतली. गाडी घ्यायला गेले की सेल्समन सनरूफ उघडून दाखवायचा, पडद्यावर गाणी लावायचा, आणि दाजी तोवर चाकाशी उकिडवे बसलेले. "सगळ्यात खालचं मॉडेल दावा," म्हणायचे. त्या बिचाऱ्याला वाटायचं, गिऱ्हाईक चिक्कू. खरी गोष्ट अशी, की त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला मोठी चाकं येतात आणि खालच्याला लहान. मग अक्काला मागं बसवून ते गावातला सगळ्यात वाईट रस्ता शोधायचे आणि आरशातून तिचं तोंड बघत गाडी हाकायचे. "कशी हाय?" "बरी हाय," ती म्हणाली की गाडी नापास. अक्कानं शेजारणीची निंदा सुरू केली, म्हणजे पाठ विसरली, की गाडी पास. कुठल्याही कारखान्यात नसेल अशी ही चाचणी. तीन शोरूम पालथी घातल्यावर अक्का एका गाडीत वरच्या मजल्यावरच्या बाईवर घसरली, आणि तीच गाडी घरी आली.

आता माझं शहाणपण ऐका. क्लासची पोरं झकपक गाड्यांवरून येतात आणि सर मात्र खटाऱ्यातून उतरतात, हे मला सहन होईना. मी नवी गाडी घेतली आणि पहिल्याच महिन्यात मूळची चाकं काढून दोन इंचांनी मोठी, चकाकणारी अलॉय व्हील बसवली. आधी दाजींना दाखवायला नेली. ते गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "पावणं, पलंग मोठा केलासा आणि गादी काढून टाकलासा."

"म्हंजे?"

"म्हंजे बाहेरनं चाक जवळपास तेवढंच ऱ्हातंय की. आतली रिंग वाढली की भोवतीचं रबर बारीक हुतंय. खड्डा आला की आधी रबर दबतंय, मग स्प्रिंग, मग मानूस. तुमच्या गाडीत आता थेट मानूसच दबनार."

मी म्हणालो, "दाजी, दिसण्यालाही काही किंमत असते. तुमची गाडी म्हणजे पोट सुटलेल्या माणसानं हाफ चड्डी घातल्यासारखी दिसते." ते खो खो हसले. "दिसू दे की. हाफ चड्डीत बसायला बरं वाटतंय."

त्या वर्षी नेसरीच्या जत्रेला आम्ही दोन गाड्यांनी गेलो. अक्काला ताप होता म्हणून ती घरीच. परतताना तिच्यासाठी रस्सा न्यायचा ठरला, आणि मी पैज लावली. तांबडा दाजींच्या गाडीत, पांढरा माझ्या, बघू कुणाचा डबा भरलेला पोचतो. एवढं बोलून थांबावं की नाही? मी वर झाकणाला बांधायला आणलेलं फडकंही नाकारलं. गडहिंग्लजच्या अलीकडंच मागून 'टण्ण' असा आवाज आला. मी टेपचा आवाज वाढवला. राजारामपुरीत डिकी उघडली तेव्हा डब्यात एक मटणाचा तुकडा एकटाच बसला होता आणि रस्सा स्टेपनीच्या खळग्यात शांतपणे साठला होता. पुढं कितीतरी दिवस गल्लीतली कुत्री माझ्या गाडीला आपली मानून तिच्या मागं चालायची. दाजी त्यांना थांबून सांगायचे, "बाबांनो, आता न्हाय त्यात काय."

पण मी हटणारा नव्हे. गाडी कडक चालते ना, मग हवा कमी करू, म्हणून मी चारही टायरांतली हवा बरीच उतरवली आणि दोन दिवस मऊ मऊ फिरलो. तिसऱ्या दिवशी एका खड्ड्यात रिंग वाकली, टायरच्या अंगाला लिंबाएवढा फुगा आला. दाजी म्हणाले, "मुळात पातळ गादी, त्यातला कापूस काढलासा." मग मी कुणाच्या सांगण्यावरून मऊ स्प्रिंगा टाकल्या आणि शॉकअप मात्र जुनेच ठेवले. गाडी एक खड्डा ओलांडल्यावर पुढचे तीन हेलकावे स्वतःच्या हौसेनं खायची. तिच्यात बसून माझ्या बायकोला उलटी झाली. तेव्हा दाजी हसले नाहीत. बोनेटवर तळहात ठेवून त्यांनी गाडी दाबली, सोडली, ती डुलत राहिलेली बघितली आणि म्हणाले, "मऊ म्हंजे आराम न्हवं, पावणं. स्प्रिंग उचलनारच, तिचं कामच ते. तिला गप बसवनारा शॉकअप पायजे. गाडी एकदा उठली, एकदा बसली, विषय संपला पायजे." मग स्वतः उभं राहून माझी मूळची चाकं परत चढवून घेतली, शॉकअप बदलले. ती गाडी मी अजून चालवतो. हाफ चड्डीतच.

दाजींना काय झालं, हे आम्हाला कुणी नीट सांगितलं नाही. "झोपेतच गेले, त्रास झाला नसेल," एवढंच डॉक्टर म्हणाले. सकाळी त्यांनी मिसळ आणली होती. जेवताना माझ्या नावानं दोन शिव्या दिल्या होत्या. ज्या माणसानं उभी हयात 'का मेला' ते शोधण्यात घालवली, त्याच्याबद्दल तो प्रश्न विचारायला आम्ही सगळे शिकलेसवरलेले उभे होतो आणि कुणीही तो विचारला नाही. मी तर तिथं उभा राहून त्यांच्या चपला सरळ करत होतो. कशासाठी, देव जाणे.

रक्षाविसर्जन नेसरीच्या शेतात करायचं ठरलं. दाजींचे धाकटे भाऊ म्हणाले, "वहिनी, तुम्ही नगा येऊ. पाठीचं काय झालं तर? आम्ही सगळं यवस्थित करतो." डॉक्टरही नको म्हणाले. गेल्या काही वर्षांत दाजींशिवाय कुणाच्या गाडीत बसून अक्का गावाबाहेर गेलीच नव्हती. भिंतीला टेकून बसलेली ती एकदम म्हणाली, "मी येनार. ह्यांच्याच गाडीतनं येनार. आणि ह्यो चालवनार." बोट माझ्याकडं. भावकीत हलकल्लोळ. ज्याच्या गाडीतून रस्सासुद्धा धड पोचला नाही, त्याच्या हातात पाठीचं ऑपरेशन झालेली बाई? "ह्यांच्या शिव्या खाऊन ह्यो एकटाच शिकलाय," अक्का म्हणाली, आणि किल्ली माझ्या हातात दिली.  

सकाळी गाडी गार असतानाच हवा तपासली. सीट मागंपुढं केली नाही. दाजी माझ्यापेक्षा उंच, त्यामुळं मी स्टिअरिंगला लोंबकळल्यासारखा बसलो होतो, पण ती सीट सरकवायचं माझ्यानं झालं नाही. मांडीवर कलश घेऊन अक्का मागं बसली. हायवेवर ठीक गेलं. मग हायवे सोडून आत वळलो, डोळ्यांपुढं थोडं पाण्याचं धुकं होतं, आणि झाडाच्या सावलीतला स्पीडब्रेकर मला दिसलाच नाही. मागून "आई गं" ऐकू आलं. मी गाडी बाजूला घेतली. अक्का ओठ दाबून, डोळे मिटून बसलेली. "परत फिरू या का?" मी विचारलं. तिनं मान हलवली. "चल. हळू चल."

थोडं पुढं गेलो. तिचे डोळे मिटलेलेच होते. आणि मागून आवाज आला, "आला हं."

काय आला ते मला समजेना. सवयीनं ब्रेकवर पाय ठेवला आणि वळणापलीकडं खरोखरच स्पीडब्रेकर आला. गाडी अलगद उठली, अलगद बसली. पुढं एका शाळेच्या अलीकडं, "आला हं." ओढ्यावरच्या पुलाच्या तोंडाशी, "आला हं. आता दोन हाईत." दोन होते. दाजी इतकी वर्षं प्रत्येक स्पीडब्रेकरच्या आधी तिला हे सांगत आले होते, तिनं पाठ सावरून धरावी म्हणून. डोळे मिटून बसायच्या सवयीमुळं तिनं रस्ता कधी बघितलाच नव्हता. तो तिनं त्यांच्याकडून ऐकून ऐकून पाठ केला होता. नेसरीच्या शेताच्या बांधापर्यंत मी तिच्या आवाजावर गाडी चालवली आणि तिला पुन्हा एकही दणका बसला नाही.

बाराव्यापर्यंत नेसरीतच राहिलो आणि ते उरकून आम्ही दोघंच परत निघालो. पुन्हा तसंच. ती डोळे मिटून, मी कान टवकारून. "आला हं." "आला हं." मी रस्त्यापेक्षा तिच्यावरच जास्त विसंबलो होतो, हे कबूल. मग एका वस्तीपाशी, मागून काहीच आवाज नसताना, गाडी दाणकन उडाली. मी करकचून ब्रेक लावला. अक्कानं डोळे उघडले, मागं वळून काचेतून बघितलं. ताजं काळं डांबर, पांढरे पट्टेसुद्धा अजून मारले नव्हते.

"ह्यो कवा झाला?" ती म्हणाली.

"नवा हाय, अक्का. जाताना नव्हता."

 मग ती पुढं वळून बसली, आणि घर येईपर्यंत तिनं डोळे मिटले नाहीत.