आजीचं काम चाललंय

नगरच्या लॅबमधली ती पोरगी बोलायला लई फटकळ. पोटातल्या जंतूंच्या अभ्यासासाठी ती बेलापुरात शौचाचे नमुने मागायला आली, तवा माणसं हसली. "हसा, पण डबी भरून द्या," म्हणाली. पहिली डबी माझ्या बायकोनं दिली. पुढच्याच महिन्यात बायको वारली.

परवा लॅबात गेलो, तर पोरगी त्याच नमुन्यातल्या जंतूंचा डीएनए काढत हुती. वरचं पाणी काढताना नळीच्या तळाला बसलेला डीएनएचा पांढरा ठिपका गेला, तर दुसरा नमुना कुठनं आणायचा? तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "मॅडम, साहेबांचा फोन!"

"थांबू दे त्यांना. आजीचं काम चाललंय."

तिनं मान वर केली न्हाई. शेवटी तपासून म्हणाली, "बाबा, डीएनए एकदम शुद्ध निघालाय. आता तो वाचायच्या मशीनला जाईल."

बाहेर येताना वॉचमनला ताठ मानेनं सांगितलं, "आत माझी बायको पास झाली."