अर्ध्या दिवसाची वेल

भवानी पेठेतले बसलिंगप्पा चादरींच्या नक्ष्या काढून देत. आखीव कागदावर एकेक चौकोन काळा करायचा आणि त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. मागावर ती कार्डं फिरली, की भोकांप्रमाणे धागे उचलले जात आणि चादरीवर मोर उमटायचा. किंमत सांगायची त्यांची रीत ठरलेली होती. जितके दिवस खपलो, तितक्या दिवसांची मजुरी. जास्त मागितली नाही, कमी घेतली नाही, याचा त्यांना अभिमान होता.

ती कार्डं दोरीनं एकमेकांना बांधायचं काम त्यांची बायको गौरम्मा करी. चौऱ्याहत्तर साली बसलिंगप्पा एका रथाच्या नक्षीवर तीन महिने बसले होते. उरलेल्या कागदाच्या तुकड्यावर गौरम्मानं एका दुपारी काठाची वेल काढली. करडईचं फूल, दोन पानं, परत फूल.

कारखानदार मानसिंगराव रथ न्यायला आले आणि ती वेलच बघत राहिले. कुठल्याही चादरीच्या काठाला ही शोभेल, म्हणाले. किती द्यायचे?

बसलिंगप्पा हसले. "अर्ध्या दिवसाचं काम हाय. अर्ध्या दिवसाचे द्या."

मानसिंगरावच अवघडले. दर चादरीमागं थोडं काहीतरी ठरवू, असं ते आपणहून म्हणाले. एकदा केलेल्या कामाचे रोज पैसे घेणं बसलिंगप्पांना फुकटचं खाण्यासारखं वाटलं. त्यांनी नको म्हटलं. गौरम्मा तिथंच कार्डं बांधत होती. तिला कुणी विचारलं नाही.

मानसिंगराव गेल्यावर ती म्हणाली, "अवो, येळ थोडा लागला म्हून ती हलकी झाली व्हय? बारा वर्सं तुमचं बघत आले, तवा कुटं अर्ध्या दिवसात निघाली."

बसलिंगप्पांनी चहा मागितला.

रथाच्या चादरी फारशा खपल्या नाहीत. एवढी कार्डं मागावर चढवायलाच विणकर कंटाळत. वेल मात्र दोन वर्षांत पन्नासेक मागांवर चालू लागली. कुणाच्याही घरी गेलं, की खाटेवर तीच अंथरलेली. बसलिंगप्पांना पैसे गेल्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. त्या दिवसानंतर गौरम्मानं कागदाला हात लावला नव्हता. त्यांनी नवे कागद आणून तिच्यापुढं ठेवले, दोनतीनदा म्हणून पाहिलं. "आता सुचत न्हाय," एवढंच ती बोलली, रागानंही नाही.

शेवटी एक दिवस ते मानसिंगरावांकडे गेले. पैसे नकोत, निदान वेलीला गौरम्माचं नाव द्या, म्हणाले. मानसिंगरावांनी मान खाली घातली. मुंबईपर्यंतचे व्यापारी तिला 'मानसिंग वेल' म्हणूनच मागत होते, आणि आता ते बदलणं त्यांच्याही हातात राहिलं नव्हतं.

बसलिंगप्पा पायीच परतले. कुठं गेला होता, असं गौरम्मानं विचारलं, तेव्हा त्यांनी दोरी आणायला गेलो होतो म्हणून सांगितलं.