अकरा संदर्भ, एक वाचक

बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हैफा अल-बद्रान कृषी महाविद्यालयातल्या आपल्या खोलीत बसून काँक्रीटवरचा शोधनिबंध वाचत होती. तिचा विषय खजुराच्या झाडावरची कीड. काँक्रीटशी तिचा संबंध आला तो घराच्या गच्चीला तडे गेले तेव्हा, तेवढाच. पण मिश्रणात राख घातली की भिंत किती मजबूत होते हे सांगून झाल्यावर, निबंधाच्या शेवटी, संदर्भांच्या यादीत तिचं नाव होतं.

ते तिथे काय करत होतं, हे तिला कळेना.

हैफा इराकमधल्या बसऱ्याची, बेचाळीस वर्षांची, कीटकशास्त्राची व्याख्याता. तिने आयुष्याची बरीच वर्षं दुबासवर घालवली आहेत. दुबास म्हणजे खजुराच्या पानातला रस पिऊन खाली चिकट पाक गाळणारा बारीक किडा. बागेत झाडाखाली गाडी उभी करणाऱ्याला काच पुसताना त्याची ओळख होते. अबू अल-खसीबच्या बागांत तीन हंगाम सापळे लावून तिने नवा निबंध लिहिला होता आणि एका जर्नलने तो स्वीकारला होता. आता संमतिपत्रावर सही करून पाठवलं की स्वीकृतीचा दाखला येणार, तो बढतीच्या फायलीत लागणार, आणि ती सहायक प्राध्यापक होणार. फायली घेणं गुरुवारी दुपारी बंद. मात्र सही केली की तीन हंगामांचं ते काम त्या जर्नलचं. दुसरीकडे कुठेही छापता यायचं नाही.

जर्नल दुसऱ्या पायरीचं होतं. एखाद्या विषयाची सगळी जर्नलं, त्यांतल्या निबंधांना इतरांकडून किती संदर्भ मिळतात यावरून, उतरत्या क्रमाने लावतात आणि त्यांचे चार भाग करतात. प्रत्येक भागाला रंग असतो: वरून खाली हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. विभागाच्या ग्रुपवर कुणी नव्या जर्नलचं नाव टाकलं की खाली एकच प्रश्न येतो: "रंग कुठला?" हिरवा किंवा पिवळा असेल तर सगळे अंगठे दाखवतात. नारिंगी म्हटलं की कुणी उत्तरही देत नाही. अंक उघडून आत काय छापलंय ते बघायची पद्धत विभागात नाही. पिवळा दिसल्यावर हैफानेही उघडला नव्हता.

आज तिने संदर्भ उघडले ते निव्वळ खुशीत. बढतीच्या अर्जात, आपल्या कामाचा आधार इतरांनी किती वेळा घेतला, तो आकडा भरायचा होता. तिच्या जुन्या निबंधाला, झाडावर सापळा किती उंचीवर टांगावा याबद्दलच्या, परवापरवापर्यंत कुणी विचारत नव्हतं. आता पाहिलं तर अकरा. पहिला उघडला, काँक्रीट. दुसरा, व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांच्या उडीबद्दल. तिसरा, बालवाडीच्या शिक्षिकांना येणाऱ्या ताणाबद्दल.

तेवढ्यात समोरच्या टेबलावरची डॉक्टर मुंतहा लिंबाचा चहा घेऊन आली.

"सही केलीस का गं?"

"मुंतहा, व्हॉलीबॉलवाल्याला दुबास कशाला लागतो?"

"उडी मारून पकडायला. सही केलीस का ते सांग."

"हे बघ ना. 'खेळाडूच्या क्षमतेवर अनेक घटकांचा परिणाम होतो.' आणि पुढे कंसात मी."

मुंतहाने वाकून पाहिलं. "मग? असशील तू घटक. बाई गं, अकरा आलेत तर गुपचूप घे. मला चार आहेत, त्यातले तीन माझे मीच दिलेत."

हैफा हसली आणि चौथा उघडला. मग पाचवा. दहा झाले तेव्हा तिला ओळख पटायला लागली. दहाही निबंध तीनच जर्नलांत छापलेले. तिचा जुना निबंध त्याच तिघांतल्या एकात होता, आणि नवा स्वीकारणारं जर्नलही त्यातलंच. त्या दहांच्या बाकीच्या याद्या तिने तपासल्या. अर्ध्याहून जास्त नावं याच तिघांमधली. काँक्रीटवाला व्हॉलीबॉलला टेकू देत होता, व्हॉलीबॉल बालवाडीला, आणि तिन्ही जर्नलं मिळून पायरी चढत होती. नव्या निबंधावर परीक्षकाने काय लिहिलं होतं तेही तिने काढून पाहिलं: इंग्रजी सुधारा आणि पुढील पाच संदर्भ घाला. पाचही तिथलेच. तिने ते मुकाट्याने घातले होते.

राग यायला हवा होता, पण तिला मजा वाटत होती. ही कीड तिने आधी पाहिली नव्हती, आणि आता तिचं जीवनचक्र उलगडत होतं.

दहाच्या सुमाराला विभागप्रमुख डॉक्टर सब्री दारात आले. बाईला लेकराच्या नावाने हाक मारायची तिकडची रीत. "तबारकच्या आई, डीन विचारतायत. आपल्या विभागाची यंदा तुमची एकच फाईल आहे."

हैफाने त्यांना कॉम्प्युटरचा पडदा दाखवला. त्यांनी उभ्याउभ्याच पाहिलं.

"समितीला रंग दिसतो. समिती व्हॉलीबॉल वाचत नाही."

"आणि पुढच्या वर्षी हे जर्नल मान्यताप्राप्त जर्नलांच्या सूचीतून काढून टाकलं तर?"

"टाकू दे. छापलं त्या दिवशी सूचीत होतं ना? नियम तेवढंच विचारतो. तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही."

ते खरं होतं. ते गेल्यावर तिने पेन काढलं, आणि अकरावा राहिलाय म्हणून तो उघडला.

अकरावा ओमानचा. निझव्याचे कुणी ज़ाहिर अल-रियामी, एका जुन्या, संथ, नारिंगी जर्नलात. त्यांनी तिने सांगितलेल्या उंचीवर सापळे टांगले होते आणि अर्धं पान भरून लिहिलं होतं की अल-बद्रान यांची उंची आमच्या बागांत चालली नाही. खालच्या झावळ्यांवर दुप्पट किडे सापडले. "चालली नाही म्हणे," हैफा मोठ्याने म्हणाली, आणि स्वतःचे आकडे काढले. तिसऱ्या हंगामात एका बागेत, शिडी मोडल्यामुळे, सापळे खालीच टांगले गेले होते. ती बाग तिने निबंधातून वगळली होती. आता मोजलं. ज़ाहिरचं बरोबर होतं. ती बाग घातल्याशिवाय निबंध अपुरा होता, आणि घातली तर तो ज़ाहिरला उत्तर होता. ते उत्तर काँक्रीटच्या शेजारी छापून त्याच्यापर्यंत पोचणार नव्हतं.

दुपारच्या अजानच्या आधी तिने निबंध मागे घेतल्याचं कळवलं.

"वेड लागलंय तुला," मुंतहा म्हणाली. "आता कुठे देणार?"

"ओमानवाल्याने दिलं तिथे."

"नारिंगीत? त्याचे गुण समिती निम्मेच धरते. शिवाय ते वर्षभर लटकवतात."

"तिथे निबंध वाचणारा एक माणूस निघालाय."

"एकच?"

"एकच. तोही भांडतो."

मुंतहाने प्याले उचलले. "बढतीची मेजवानी बुडवलीस आमची, ते बोल."

उद्या गुरुवार. फायली बारा वाजता बंद होतात. कीटकशास्त्र विभागाकडून यंदा एकही जाणार नाही. साडेआठला पहिल्या वर्षाचं प्रात्यक्षिक आहे. ते व्याख्यात्याने घ्यायचं असतं, आणि वेळापत्रकात तिथे हैफा अल-बद्रान आहे.