ओठावरचा डाग आणि तीन बोटं

"तुकडा काढून तपासावा लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कॅन्सर असेलच असं नाही. पण नाही, असंही मी आज सांगू शकत नाही."

चंद्रपूरच्या रुग्णालयात मी खालचा ओठ बोटांनी ओढून बसले होते. तशीच मान हलवली. ओठ सोडायचंही भान राहिलं नाही.

त्याआधी त्यांनी विचारलं होतं, "तंबाखू, खर्रा?" आणि मी ठणकावून म्हटलं होतं, "नाही."

हसू नका, पण मी अंगणवाडी सेविका आहे. सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात 'खर्रा खाऊ नका' हे अंगणवाडीच्या भिंतीवर मीच रंगवून घेतलंय. आणि बारा वर्षं माझ्याच ओठात खर्र्याची चिमूट असायची. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत, म्हणजे प्लॅस्टिकच्या तुकड्यात, घालून घोटला की झाला खर्रा. रोवण्यात, म्हणजे भाताच्या लावणीत, बायका ओळीनं वाकून काम करतात आणि एकच पुडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते. नको म्हणणाऱ्या बाईला चढलंय, गर्व झालाय, असं समजतात. माझी पुडी माझी मोठी जाऊ शेवंताबाई घोटायची. मला झोंबू नये म्हणून चुना कमी घालायची. माया होती तिची.

डाग उन्हाळ्यात दिसला. जांभूळ खाल्ल्यासारखा, पण धुऊन न जाणारा. मी लिपस्टिकनं झाकला. शेवंताबाईच्या नजरेतून काय सुटणार!

"काऊन वं, रोज लाली लावून राह्यली? लगन हाय का कोनाचं?"

दाखवला तर म्हणाली, "हात्! येवढुसा तर हाय. बिबा लाव, झडून जाते."

आमच्याकडे पाय मुरगळला तरी बिबा आणि काटा रुतला तरी बिबा. तिनं बिब्याचं काळं बी गरम केलं, सुई टोचली आणि आतलं काळं तेल डागावर टेकवलं. दुसऱ्या दिवशी बिबा उतला, म्हणजे त्या तेलानं कातडी भाजली. ओठ टम्म सुजला, फोड फुटला आणि जखमेवर काळी खपली धरली. ती खपली घेऊन मी चंद्रपूरला गेले आणि सांगितलं, "आपोआप झालं." बिब्याचं नाव काढलं असतं तर घरात शेवंताबाईवर खापर फुटलं असतं.

तुकडा काढून तपासणं म्हणजे बायोप्सी. त्या दिवशी नवरा बाहेर बाकावर पिशवी धरून बसला होता. आत डोळ्यांवर दिवा आला. डॉक्टरबाईंच्या हातात इंजेक्शन होतं.

"ताई, परत विचारते. ओठाला काही लावलं होतं का?"

मनात आलं, मी खोटं बोलणार, या बाई चुकीच्या जागी कापणार आणि पुढे जे होईल ते माझंच पाप असेल.

"बिबा लावला होता," मी म्हटलं. "आणि खर्रा खाते. बारा वर्षं."

त्यांनी इंजेक्शन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"भाजलेल्या जागेचा तुकडा काढला असता तर रिपोर्टनं आपल्याला फसवलं असतं. जखम भरू द्या. दोन आठवड्यांनी काढू." मग म्हणाल्या, "आता तोंड उघडा. तीन बोटं एकावर एक धरून दातांच्या मधे घाला."

दोन गेली. तिसरं अडलं.

"तिखट झोंबतं?"

वर्षभर झोंबत होतं. मी मिरची कांडणाऱ्याशी भांडले होते त्यावरून! डॉक्टरबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

परतीच्या गाडीत नवऱ्याला सगळं सांगितलं. गाव जवळ आल्यावर तो एवढंच म्हणाला, "मले तरी सांगाचं होतं."

ते दोन आठवडे कसे काढले ते माझं मला माहीत. खर्रा सुटला म्हणून डोकं फिरायचं. खपली पडली. खालचा डाग तसाच होता, उलट जास्त काळा. मग बायोप्सी झाली. सुई टोचल्यावर ओठ बधिर होतो आणि तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढतात. दोन टाके पडले. दुखलं ते फारसं नाही. खरं दुखलं ते रिपोर्टची वाट बघणं.

"कॅन्सर नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी तिथेच रडले. त्यांनी रडू दिलं आणि मग समजावलं. डाग म्हणजे पिगमेंटेशन. कातडीला रंग देणारं मेलॅनिन तंबाखूच्या त्रासानं तिथे जास्त साठलं होतं आणि बिब्याच्या भाजण्यानं त्यात भर घातली. तंबाखू बंद ठेवली की तो काही महिन्यांत हळूहळू फिका होईल. ओठाला साधं व्हॅसलीन लावायचं, ऊन टाळायचं, लिंबू-बिबा काही चोळायचं नाही. ओठ उन्हानं, एखाद्या औषधानं, लिपस्टिकनं किंवा दुसऱ्या आजारानंही काळे पडतात, काहींचे जन्मतःच तसे असतात. म्हणून घरी तर्क करत बसू नका, दाखवा.

"आता ज्याची खरी भीती धरायची ते ऐका," त्या म्हणाल्या. "तुमचं तिसरं बोट अडलं, ते सबम्यूकस फायब्रोसिस. सुपारीनं गालाच्या आतली कातडी आवळत जाते, तोंड उघडणं कमी होतं. गेलेलं पूर्ण परत येत नाही, पण आहे ते टिकवता येतं. दुर्लक्ष केलं तर यातून कॅन्सर होऊ शकतो."

गोळ्या दिल्या, दर तीन महिन्यांनी तपासणी आणि एक व्यायाम सांगितला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांत थरानं धरायच्या आणि जमेल तशी एकेक वाढवायची, म्हणजे तोंड थोडं थोडं जास्त उघडतं.

यंदा रोवण्यात पुडी फिरत माझ्यापाशी आली. मी पुढे दिली नाही, बांधावर ठेवली. "आता बाईले चढलं!" कोणीतरी म्हणालंच. मी सगळं सांगितलं, भिंतीवर रंगवलेल्या ओळीपासून माझ्या खोटेपणापर्यंत. मग हात धुऊन सगळ्यांना तीन बोटं घालायला लावली. खिदळत खिदळत बायकांनी घातली. बहुतेकींची गेली.

शेवंताबाईचं एकच गेलं.

तिनं मान तिरकी करून परत बघितलं. दुसरं बोट दातांवरच अडलं.

"मले वाटे, वयानं होते," ती म्हणाली. वर्षभर ती पोळी वरणात भिजवून खात होती, माझ्याच शेजारी बसून. मला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तिला घेऊन गेले. तीच खोली, त्याच डॉक्टरबाई. "तंबाखू, खर्रा?"

शेवंताबाईनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही 'नाई' म्हणणार.

"हो," ती म्हणाली. "आन इले बी मीच देत होती."

मी तिचा हात घट्ट धरला. डॉक्टरबाईंनी त्या दिवशी मला परत विचारलं नसतं तर आम्ही दोघी आज कुठे असतो, कोण जाणे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

माझा डाग अजून आहे, पण फिका. लिपस्टिक लावत नाही. तिचं दुखणं माझ्यापेक्षा बरंच पुढे गेलंय, उपचार लांबणार आहेत. रोज सकाळी आम्ही दोघी जावा ओसरीवर दातांत काड्या धरून बसतो. बोलता येत नाही, म्हणून एकमेकींच्या काड्या मोजतो.

काल तिची एक काडी वाढली.