सरूबाईचा ओटा आणि बलदियाची कुंडी

सरूबाईला दागिन्यांची हौस नव्हती, की नवस-सायासांची नव्हती. तिला हौस एकच, बोलायची. आणि त्यासाठी तिच्या दारापुढं चांगला ऐसपैस ओटा होता. बलदियानं, म्हणजे नगरपालिकेनं, आपल्या चपराशांसाठी शहागंजच्या बाजारामागं खोल्यांची एक चाळ बांधली होती. तिच्या शेवटच्या खोलीत सरूबाई आणि तिचा नवरा कारभारी राहायचे. दुपारची भांडी घासून झाली की चाळीतल्या बाया त्या ओट्यावर जमायच्या. कुणी तांदूळ निवडायचं, कुणी गोधडी शिवायचं, आणि सरूबाई सगळ्यांच्या वाट्याचं एकटी बोलायची. बाया हसून हसून बेजार व्हायच्या.

मग बलदियानं चाळीला कचराकुंडी दिली आणि ती नेमकी त्या ओट्यासमोर बसवली. कचऱ्याचा बैलगाडा वळायला तेवढीच जागा होती, त्याला कोण काय करणार? पण चाळीची कुंडी चाळीपुरती राहते थोडीच. बाजारातून केळीचे खुंट आले, शेजारच्या गल्लीतून फुटके माठ आले, गाद्यांचा कुजका कापूस आला. कुंडी भरली की लोक खुशाल बाजूला ओतायचे. एका भल्या माणसानं तर आपली मोडकी बाज आणून टेकवली आणि पानाची पिंक टाकून निघून गेला.

सरूबाईनं आकाशपाताळ एक केलं. सफाईचा दारोगा निजामुद्दीन दिसला की ती त्याला आडवी जायची. तो बिचारा "देखते हैं, बाई" म्हणायचा आणि रुमी टोपी सावरत दुसऱ्या वाटेनं जायचा. कारभारीला घरात घास गिळायची सोय राहिली नाही. नहरीच्या हौदावर पाणी भरताना तिच्या तोंडी कुंडी, कुणाच्या बारशाला गेली तरी पाळण्यापाशी कुंडी.

हळूहळू बाया यायच्या बंद झाल्या आणि चार घरं अलीकडं, जोहराच्या ओट्यावर बसायला लागल्या. दुपारी तिकडून हसण्याचा आवाज आला की सरूबाई दारात येऊन उभी राहायची. आपल्यावाचून या हसतात तरी कशा, हे तिला फार लागायचं. कुंडी आणि तिचा वास हटल्याशिवाय ओटा भरत नाय, हे तिनं मनाशी पक्कं धरलं.

अमावास्या झाली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिनं पत्रावळीवर दहीभात ठेवला, वर लिंबू, काळे उडीद, हळदकुंकू, आणि तो उतारा कुंडीच्या तोंडाशी नेऊन ठेवला. बघणाऱ्याला वाटावं, कुणाची तरी पीडा ओवाळून टाकलेली. ती ओलांडायची हिंमत कोण करणार?

कुणी केली नाही. पण कचरा काय घरात ठेवतात? लोक लांब उभं राहून नेम धरायला लागले. नेम कसला, सगळं सरूबाईच्या ओट्यावर. झाडणाऱ्या कडूबानं उतारा पाहिला, हात जोडले आणि तो गल्लीच्या तोंडाशीच झाडून परत गेला. गाडाही तिथूनच माघारी फिरला. पूर्वी निदान भाजीवाली दारात यायची, आता तीही लांबूनच ओरडायची. सरूबाई दिवसभर ओटा झाडायची आणि बोलायला माणूस नाही म्हणून झाडूशी बोलायची.

शेवटी तिच्यानं राहवेना. भर दुपारी ती जोहराच्या ओट्यापुढं जाऊन उभी राहिली आणि सगळं कबूल करून टाकलं. बायांना पटेना. तेव्हा तिनं त्यांना कुंडीपर्यंत आणलं, पत्रावळ स्वतःच्या हातानं उचलून कुंडीत टाकली आणि मला काय झालं का, म्हणून सगळ्यांपुढं उभी राहिली. बाया पदर सावरत मागं सरकल्या आणि एकेक करून गेल्या. जोहरा तेवढी राहिली.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," जोहरा म्हणाली. "दहीभाताला फोडणी होती. उताऱ्याला फोडणी कोण देतं, सरू?"

सरूबाई ओशाळली. फोडणीशिवाय दहीभात तिच्या हातून होतच नसे. मग बोलली का नाहीस, असं तिनं चिडून विचारलं.

"तू बोलू देतेस व्हय? आणि वासाला कोण भितंय? वास साऱ्या चाळीत येतो. पण कुंडी आल्यापासून तू दुसरं काही बोलतच नाहीस. माझी नणंद घर सोडून आली, तिचं तू एका शब्दानं विचारलं नाहीस. म्हणून येत नाय आम्ही."

सरूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ओट्यावरचे खुंट पायानं खाली लोटले, पदरानं जागा पुसली आणि म्हणाली, "बैस. काय झालं नणंदेला?"

जोहरा बसली. सांगायला लागली. तेवढ्यात एक माणूस डोक्यावर पाटी घेऊन आला आणि त्यानं ती कुंडीच्या बाहेर, अगदी समोर, पालथी केली. सरूबाईचं तोंड उघडलं. मान तिकडं वळली. पण तिनं ती परत फिरवली आणि जोहराला म्हणाली, "मग? पुढं काय म्हणाली ती?"