फाटक्या कानाचा विणकर

मी चित्रं काढून पोट भरणारा माणूस. भुताखेताच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं, की त्याची चेष्टा करण्यात माझा पहिला नंबर असायचा. त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय… पण घडलं ते असं.

पंधराएक वर्षांपूर्वी माझा मित्र सलीम आणि मी एक ग्राफिक नॉव्हेल करत होतो — १९३०च्या मार्शल लॉमधलं सोलापूर. गोष्ट सलीमची, चित्रं माझी. सोलापुरातच, शुक्रवार पेठेतल्या माझ्या खोलीत, दुपारचं जेवण उरकून मी एका पानाला बसलो. स्क्रिप्टमध्ये एवढंच होतं : 'घाबरलेली माणसं शहर सोडून जातात. दोन चौकटी.'

उठलो तेव्हा पाच वाजले होते आणि पानावर सहा चौकटी होत्या. सगळ्यांत एकच माणूस — डाव्या कानाची पाळी फाटलेली, खांद्यावर गाठोडं. शेवटच्या चौकटीत तो एका विहिरीच्या कठड्याला टेकून बसलाय. कठड्यावर दगडात कोरलेले दोन हत्ती. मला वाटलं, तंद्री लागली असेल. चित्र जमलं होतं, म्हणून ठेवलं.

शेजारच्या नागम्मा रोज संध्याकाळी माझ्याकडे चहाला यायच्या. पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर घरातल्या, पंच्याऐंशीच्या. पान टेबलावर वाळत होतं. त्यांनी ते उचललं आणि तशाच खाली बसल्या.

"ह्यो माजा बाप हाय," म्हणाल्या. "तुला कुनी सांगितलं?"

कुणीच नाही. त्या पाच वर्षांच्या असताना, त्याच धामधुमीत वडील घरातून गेले ते परतलेच नाहीत. फोटो नव्हता. लोक म्हणाले, दुसरी बाई केली. आई मरेपर्यंत त्यांच्या नावाचं कुंकू लावायची आणि त्यांनाच शिव्या द्यायची. फाटका कान मात्र नागम्मांना पक्का आठवत होता.

एका कानावरून काय ठरतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी सलीमनं पान बघितलं. त्याचं लक्ष भलतीकडेच गेलं.

"ही विहीर तू कधी बघितलीस? कुंभारीत आमच्या आजोळाशेजारी आहे ही."

शहराबाहेरच्या त्या गावाला मी कधी गेलोच नव्हतो.

रविवारी सकाळी आम्ही तिघं रिक्षानं गेलो. हत्ती होते. एकाची सोंड तुटलेली — माझ्या चित्रातही तुटलेलीच होती.

विहिरीचे मालक साठीतले शेतकरी. सलीमनं विचारल्यावर जरा आठवून म्हणाले, "व्हय, आज्जा सांगायचा. गडबडीच्या वक्ताला शहरातनं एक विणकर आलता, तापानं फणफणल्याला. पोलिसास्नी चुकवून आलाय म्हनून कुनी नावगाव विचारलं न्हाय. चौथ्या दिवशी गेला. आज्जानंच बांधाला माती दिली."

"काय बोलला का त्यो?" नागम्मांनी विचारलं.

"नागीला आनायला जायचंय, येवढंच म्हनत हुता म्हनं."

नागम्मांना नागी म्हणणारे फक्त त्यांचे वडीलच. आणि आम्ही तिथं कुणालाच त्यांचं नाव सांगितलं नव्हतं.

नागम्मा बांधावर बराच वेळ बसून तेलुगूत काहीतरी बोलत राहिल्या. मग शेतकऱ्याच्या घरी दीड भाकरी खाल्ली. परतताना म्हणाल्या, "टाकून न्हाय गेला. आईला कळायला पायजे हुतं." आणि सलीमच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपल्या.

नंतर मी उलटसुलट खूप विचार केला. फाटक्या कानाचं पूर्वी नागम्मांकडूनच ऐकलं असेल? पण विहीर त्यांना माहीत नव्हती, आणि तो माणूस सलीमला माहीत नव्हता. दोन्ही एका पानावर कसे आले, ते मला आजही सांगता येत नाही. तसं परत कधी झालं नाही.

ते पान नागम्मांनी मागून घेतलं आणि घरात भिंतीवर लावलं. एकदा मी विचारलं, याची भीती नाही वाटत?

"भ्यायचं कशाला?" म्हणाल्या. "बाप हाय की माजा."