मम

आमचे हे, शिवराम, जन्मले गंगेकाठी, दुर्गाघाटावरच्या मराठी भिक्षुकाच्या घरात आणि आयुष्यभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धूत राहिले. एकतीस वर्षं. पाण्यातलं शिसं मोजायचं जुनं मशीन यांच्याच हाताला वश होतं, दुसऱ्याने हात लावला की हटून बसायचं. सकाळी कुणाकडे सत्यनारायण, दहाला प्रयोगशाळा. दोन्हीकडे काम चोख.

दोन वर्षांपूर्वी विश्वजीत नावाचा कुणी ॲपवाला आला. विज्ञानासाठी नवं मशीन दान देणार म्हणे. त्याच्या स्वागताला प्रिन्सिपलसाहेबांनी काय ती लाळ घोटली! फोटोत वाईट दिसेल म्हणून जुनं मशीन कबाड्याला दिलं. आमच्याच गल्लीतली ईशानी तिथे पीएच.डी. करत होती. तीन वर्षं पंचगंगा घाटाचं पाणी बाटल्यांत भरून ठेवलेलं, आणि निम्म्याहून जास्त मोजायचं राहिलेलं. हे तिला म्हणाले, "थांब बेटा, नव्यावर आठवड्यात उरकू."

त्या माणसाला दान विधिवत हवं होतं, व्हिडिओसाठी. फुकटचा भटजी घरातच, म्हणून यांना शाल घालून बसवलं. आपल्यात दान देताना हातावरून पाणी सोडतात आणि 'न मम' म्हणतात, म्हणजे आता हे माझं नाही. ते म्हटल्यावरच दान पुरं होतं. यांनी सांगितलं, "म्हणा, न मम." तो कॅमेऱ्याकडे बघत ठणठणीत म्हणाला, "मम." माझं! टाळ्या पडल्या. मी मागे बसले होते, मला हसू आलं. जळलं मेलं ते हसू.

पुढच्या सोमवारी कागद आला. मशीनवर फक्त त्याच्या कंपनीचं काम होईल, बाकीच्यांनी बंगळुरूहून परवानगी आणायची. ईशानीने पाच अर्ज केले, एकालाही उत्तर नाही. भिंतीवर दानशूराचं नाव हातभर लांब, आणि कॉलेजची मुलं काचेबाहेरून बघतायत. थुंकावंसं वाटतं अशा दानावर.

गेल्या महिन्यात ती पेढे घेऊन आली. त्याच कंपनीत नोकरी लागली होती. ॲपवाल्याने आता फोनच्या बॅटऱ्याही काढल्यात, त्यांचा माल त्याच मशीनवर तपासायचा.

यांनी विचारलं, "और पानी?"

"बोतलें खाली कर दीं, काका. उनको जगह चाहिए थी."

ती नमस्कार करून गेली. मी त्या विश्वजीतच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसले.

"त्याला कुठे संस्कृत येतं," हे म्हणाले. "मला येतं. मला नीट ऐकू आलं होतं. 'पुन्हा म्हणा,' एवढंच म्हणायचं होतं गं. साहेब समोर उभे होते. मी पुढचा मंत्र घेतला."